ढगांचा सातबारा

शून्य ते वीस टक्के. ढगांवर रसायन फवारलं तर पाऊस किंवा बर्फ किती वाढतो, या प्रश्नाला अमेरिकी सरकारच्या हिशेबतपासणी कार्यालयाने, झालेल्या अभ्यासांचा आढावा घेऊन, डिसेंबर २०२४ मध्ये दिलेलं हे उत्तर. मुलीला स्थळ सांगून आलं आणि मुलाचा पगार विचारल्यावर मध्यस्थ म्हणाला, 'शून्य ते वीस लाख', तर आपण चहा अर्धा टाकून उठू. अमेरिकेतल्या नऊ राज्यांनी मात्र साखरपुडा कधीच उरकलाय.

यावर हसून मोकळं होता आलं असतं. पण त्या नऊ राज्यांत आयडाहो आहे, आणि आयडाहोतल्या वीज कंपनीला हसणं अवघड आहे. स्नेक नदी आणि तिच्या उपनद्यांवर या कंपनीची सतरा जलविद्युत केंद्रं आहेत. २००३ पासून ती दर हिवाळ्यात पेएट नदीच्या खोऱ्यातल्या डोंगरांवर हा उद्योग करते. ना घोषणा, ना नारळ, ना विमानासमोर उभं राहून फोटो. पैशापैशाचा हिशेब ठेवणारी कंपनी वीस वर्षांहून जास्त काळ एखाद्या गोष्टीवर खर्च करत राहते, तेव्हा तो नुसता धूर नसावा, असं म्हणायला जागा आहे.

धूर तर आहेच. डोंगराच्या धारेवर लोखंडी मनोरा, शेजारी गॅसची टाकी, वर सोलर पॅनेल. ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं सिल्व्हर आयोडाइड प्रोपेनच्या ज्योतीत जळतं, तासाला काही ग्रॅम. रस्ते बर्फाखाली, तिकडे चिटपाखरू नाही. बॉइसी शहरातल्या ऑफिसात बसलेला हवामानतज्ज्ञ वारा आणि तापमान बघतो आणि बसल्या जागेवरून ज्योत पेटवतो. आपल्याकडे पर्जन्ययागाला निदान यजमानाला सोवळं नेसून बसावं तरी लागतं.

या धुरामागचं विज्ञान सरळ आहे. अमेरिकेच्या पश्चिमेला खरं धरण म्हणजे डोंगर. हिवाळ्यात तिथे बर्फ साचतो आणि वसंतापासून वितळत नद्यांत उतरतो. शेती, नळ आणि टर्बाइन या तिघांचं वर्षभराचं बजेट या बर्फावर ठरतं. आता डोंगर चढणाऱ्या हिवाळी ढगात एक खोड असते. त्यातलं पाणी शून्याच्या बरंच खाली जाऊनही गोठत नाही, कारण गोठायला सुरुवात कुठून करायची हे त्याला कळत नाही. एखादा योग्य कण मिळाला की त्याभोवती स्फटिक वाढतो, जड होतो, खाली येतो. सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची ठेवण बर्फासारखी असते आणि साधारण उणे पाच अंशांच्या खाली ते हे काम करू लागतं. थोडक्यात, तो बर्फाचा तोतया. सदाशिवरावभाऊंचा तोतया शेवटी पुण्यात ओळखला गेला. या तोतयाला ढगातला थेंब ओळखत नाही.

पण ढग लागतो. पाण्याने भरलेला, पुरेसा थंड, योग्य वाऱ्याने डोंगरावर चढणारा ढग. हे वाक्य लक्षात ठेवा. या विषयातल्या सगळ्या घोषणा याच वाक्याला ठेचकाळतात.

हा शोध १९४६ चा. न्यूयॉर्क राज्यातल्या स्कनेक्टडी गावी, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर यांनी फ्रीजरमधल्या गार हवेत कोरडा बर्फ टाकला आणि आत हिमकण चमकू लागले. नोव्हेंबरात त्यांनी विमानातून तोच बर्फ खऱ्या ढगावर टाकला. ढगाखालून हिम पडलं खरं, पण जमिनीला टेकायच्या आधीच हवेत विरून गेलं. पुढच्या पाऊण शतकातल्या बहुतेक सरकारी योजनांचं भविष्य त्या पहिल्याच दिवशी वर्तवलं गेलं होतं, कुणी वाचलं नाही. त्याच महिन्यात तिथल्याच बर्नार्ड व्हॉनेगट यांना सिल्व्हर आयोडाइड सापडलं. त्यांचा धाकटा भाऊ कर्ट पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या प्रसिद्धी विभागात लागला. पुढे त्याने कादंबरी लिहिली ती जगातलं सगळं पाणी गोठवून टाकणाऱ्या स्फटिकाची. घरात असे दोन भाऊ असावेत: एकाने शोध लावावा, दुसऱ्याने त्याची भीती घालावी.

मात्र पाऊस पाडून देतो म्हणणारे शेफर यांच्याही आधीचे. त्यांचा मेरुमणी चार्ल्स हॅटफिल्ड. धंदा शिलाई मशिनं विकण्याचा, छंद आकाशाला खिजवण्याचा. १९१५ च्या अखेरीस सॅन डिएगो शहराच्या नगर परिषदेला त्याने सांगितलं, तुमचं मोरेना धरण भरून देतो, दहा हजार डॉलर द्या. परिषदेने मान डोलावली, कागद मात्र केला नाही. हॅटफिल्डने धरणाकाठी मनोरा उभारला आणि वर त्याची गुप्त रसायनं हवेत सोडली. जानेवारी १९१६ मध्ये पाऊस लागला तो थांबेचना. मोरेना जवळजवळ काठोकाठ भरलं. लोअर ओटाय धरण फुटलं, पूल गेले, रेल्वे गेली, माणसं वाहून गेली.

हॅटफिल्ड पैसे मागायला आला. शहराचा वकील म्हणाला, देतो की. पाऊस तू पाडलास हे कबूल कर, आणि पुराच्या नुकसानीचे सुमारे पस्तीस लाख डॉलरचे दावेही तूच भर. हॅटफिल्ड कोर्टात गेला. खटला १९३८ पर्यंत रेंगाळला आणि निकाल लागला की पाऊस ही देवाची करणी. दहा हजार बुडाले.

या निकालाने एक घडी बसवून दिली, ती आजतागायत मोडलेली नाही. पाऊस आला तर आमचा, पूर आला तर देवाचा. ४ जुलै २०२५ ला टेक्सासमध्ये ग्वादालूपे नदीला पूर आला, राज्यात शंभरावर माणसं गेली. दोन दिवस आधी दूरवर एका तरुण कंपनीच्या विमानाने थोडी फवारणी केली होती. लोकांनी तिलाच धरलं. हवामानतज्ज्ञ जीव तोडून सांगू लागले, अहो, एवढा पाऊस माणसाच्या बापाला पाडता येत नाही. ते शंभर टक्के खरं आहे. गोची एवढीच, की निधी मागताना हे वाक्य कुणी उच्चारत नाही.

फ्लोरिडाने तर त्याच उन्हाळ्यात हवामानात ढवळाढवळ करण्यावर कायद्याने बंदी घातली, एक लाख डॉलरपर्यंत दंड. फ्लोरिडातली सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून १०५ मीटर आहे. डोंगर नाही, हिम नाही, हिवाळी ढगांची पेरणी नाही. बंदी मात्र कडक.

बरं, मग खरं किती पडतं? याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर आयडाहोतच मिळालं. २०१७ च्या हिवाळ्यात विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी, वीज कंपनीला सोबत घेऊन, पेएट खोऱ्यात डोंगरमाथ्यांवर रडार मांडली. १९ जानेवारीला विमानाने वाऱ्याला आडवं, इकडून तिकडे, तिकडून इकडे उडत सिल्व्हर आयोडाइड सोडलं. थोड्या वेळाने रडारच्या पडद्यावर बर्फाच्या नागमोडी रेघा उमटल्या, विमानाच्या वाटेचीच नक्कल, वाऱ्याबरोबर खाली सरकत चाललेली. निसर्ग अशा रेघा मारत नाही. सत्तर वर्षं 'आपोआपच पडणार होता' म्हणणाऱ्यांना पहिल्यांदा गप्प बसावं लागलं. माणूस ढगातून बर्फ पाडू शकतो, हे सिद्ध झालं.

आता हिशेब. त्या दिवशी तासाभराहून थोडा जास्त वेळ बर्फ पडला, सुमारे तेवीसशे चौरस किलोमीटरवर, जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. त्या महिन्यातल्या अशा तीन दिवसांचं मिळून पाणी भरलं ऑलिंपिक आकाराच्या २८२ जलतरण तलावांएवढं. बातमीत छान वाटतं. लिटरमध्ये मांडा: सत्तर कोटी लिटर. पुणे शहराला दिवसाला दीडशे कोटी लिटरच्या वर लागतं. म्हणजे तीन दिवसांची विमानं, रडार, विद्यापीठं आणि विज्ञानाचा ऐतिहासिक विजय मिळून पुण्याचा अर्धा दिवसही धड भागत नाही. नळ बंद ठेवायचा गुरुवार असेल तर गोष्ट वेगळी.

तरीही वीज कंपनीला ते परवडतं. का? एक, हिवाळ्यात असे दिवस तीन नसतात, बरेच असतात. दोन, तिचा बर्फ डोंगरावर फुकट साठतो, त्यासाठी भिंत बांधावी लागत नाही. तीन, हेल्स कॅन्यनच्या घळीत तिची एकाखाली एक तीन धरणं आहेत, तेच पाणी तिन्ही ठिकाणी वीज देऊन जातं. अशा ठिकाणी दोन-चार टक्केही पोट भरतात.

दोन-चार टक्के हे मी तोंडाला येईल ते बोलत नाही. शेजारच्या वायोमिंगने २००५ पासून जवळजवळ दहा वर्षं आणि सुमारे एक कोटी चाळीस लाख डॉलर खर्चून मेडिसिन बो आणि सिएरा माद्रे या दोन डोंगररांगांवर रीतसर चाचणी घेतली. निष्कर्ष: योग्य ढगातून पाच ते पंधरा टक्के बर्फ वाढतो. मथळे छापून आले. मथळ्याखालचं वाक्य असं, की हिवाळ्यातल्या एकूण बर्फापैकी साधारण तीस टक्केच अशा योग्य ढगांतून येतो. दहा टक्के गुणिले तीस टक्के, तोंडी करा. तीन. त्यातही संख्याशास्त्राच्या चाळणीत मुख्य प्रयोगाचा आकडा नीट उतरला नाही. इस्रायल याच्याही पुढे गेला. उत्तरेच्या डोंगराळ भागात २०१३ ते २०२० अशी काटेकोर चाचणी घेतली, वाढ निघाली १.८ टक्के, तीही योगायोग असू शकेल अशी. त्यांनी शांतपणे दुकान बंद केलं. समुद्राचं पाणी गोडं करण्याचे कारखाने त्यांच्याकडे होतेच. सरकारी योजना निष्फळ ठरली म्हणून बंद होते, ही बातमी खरं तर पहिल्या पानावर यायला हवी होती.

मग कोलोरॅडो नदीवर एवढी धावपळ कशाला? कारण तिथे तीन टक्क्यांचाही आधार हवाय. सात राज्यं आणि मेक्सिको, चार कोटी माणसं आणि एक नदी. पाणीवाटपाचा करार १९२२ चा, आणि तो करताना जी वर्षं मोजली ती नेमकी भरपूर पाण्याची. म्हणजे नदीत नाही तेवढं पाणी कागदावर वाटलं गेलं. नदीला हे अजून कुणी कळवलेलं नाही. २०२३ मध्ये लास वेगासला पाणी पुरवणाऱ्या संस्थेने केंद्राकडून चोवीस लाख डॉलर घेतले, वरच्या राज्यांतल्या डोंगरांवर ढग पेरायला. पाणी पिणारा नेवाडाचा, ढग कोलोरॅडोचा, पैसा वॉशिंग्टनचा. आपल्याकडे नाशिक-नगरने पाणी अडवलं की मराठवाडा कोर्टात जातो. तिकडे खालच्याने वरच्याच्या आभाळाचा खर्च काढला.

आभाळ कुणाचं, हाही प्रश्न सुटलेला आहे. कोलोरॅडोच्या कायद्यानुसार राज्याच्या हद्दीत पडणाऱ्या किंवा पाडल्या जाणाऱ्या, वातावरणातल्या सगळ्या ओलाव्यावर राज्याचा हक्क आहे. थोडक्यात, ढगांचा सातबारा राज्याच्या नावावर. याच कोलोरॅडोत २०१६ पर्यंत साध्या माणसाला घराच्या पन्हळीखाली पिंप लावून पावसाचं पाणी धरायला मनाई होती. आता परवानगी आहे: दोन पिंपं, मिळून चारशे लिटरच्या आसपास. ढग पेरायचा परवाना मिळतो, पिंपाला मात्र मोजपट्टी.

आता सगळ्यात दुखरी जागा. या नदीचं माणसं जे पाणी वापरतात, त्यातलं जवळजवळ निम्मं जातं जनावरांच्या वैरणीला. लसूणघास आणि गवत. वाळवंटात, भर उन्हात. वेगासवर नावं ठेवणं सोपं, पण नेवाडाने २०२१ मध्ये कायदा करून रस्त्याकडेची आणि ऑफिसांपुढची शोभेची हिरवळ उपटायला घेतली. घासाच्या शेताला हात लावायचा म्हणजे शेतकऱ्याला हात लावायचा, त्याच्या शंभर वर्षांच्या पाणीहक्काला हात लावायचा, आणि मग निवडणुकीला उभं राहायचं. त्यापेक्षा ढगाला हात लावलेला बरा. ढगाला मत नसतं. तो मोर्चा काढत नाही, वकील देत नाही, रास्ता रोको करत नाही. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकांना यापुढे काही सांगायची गरज नाही. लागवडीत उसाचा वाटा जेमतेम आणि कालव्याच्या पाण्यात सिंहाचा, हे गणित इथे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे, फक्त विधानसभेत ते सोडवायला घेत नाहीत.

महाराष्ट्राचं या विषयाशी नातं जुनं आहे. शेफर यांच्या फ्रीजरनंतर पाचच वर्षांत, १९५१ मध्ये, टाटांनी पश्चिम घाटात जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडून पाहिला होता. इथेही पुढाकार टर्बाइनवाल्यांचाच. पण घाट म्हणजे रॉकी पर्वत नव्हे. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची रेषा पाच किलोमीटरवर असते, आणि घाटमाथा त्याच्या कितीतरी खाली. तोतया कामाला लागायचा तर त्याला आणखी वर पाठवायला हवं. म्हणून सोलापूरजवळ २०१८ आणि २०१९ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने जे प्रयोग केले त्यात पाणी शोषणाऱ्या क्षारांचे कण विमानाने ढगाच्या बुडाशी सोडले. तो वेगळा ढग, वेगळी युक्ती. योग्य ढगांखाली पाऊस सुमारे अठरा टक्के वाढला आणि खर्च आला लिटरला अठरा पैसे. दहा हजार लिटरच्या टँकरला अठराशे रुपये. भाव टँकरचाच, फक्त ड्रायव्हरला फोन करून गल्ली सांगता येत नाही.

शास्त्रज्ञांनी 'योग्य ढग' म्हटलं होतं. सरकारने 'ढग' ऐकलं. २०१९ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यासाठी तीस कोटी मंजूर झाले आणि विमान तेव्हाच्या औरंगाबादेतून उडालं ऑगस्टात. निम्मा पावसाळा संपल्यावर. त्याच आठवड्यांत कोल्हापूर आणि सांगली पाण्याखाली होती. एका राज्यात एकीकडे होड्या आणि एकीकडे ढग शोधणारं विमान. नकाशावर दोन्ही मावतं, आणि फाइलींवरही.

इथेच आयडाहोची वीज कंपनी आणि आपण वेगळे होतो. ती ढग असताना पेरते, आपण ढग नसताना. तिच्यासाठी ही बचत आहे: बऱ्या वर्षी थोडं जास्त बाजूला टाकायचं, वाईट वर्षी ते कामाला येतं. तिकडे डोंगरावर ठरल्यापेक्षा जास्त बर्फ साचला, हिमकडे कोसळायचा धोका दिसला, तर पेरणी थांबवायचे नियमही परवान्यात लिहिलेले असतात. आपल्याकडे मात्र ही योजना कपाटातून बाहेर येते ती धरणांनी तळ दाखवल्यावर, म्हणजे आभाळ कोरडं ठणठणीत असताना. दिल्लीने ऑक्टोबर २०२५ मध्ये धुरकं धुवायला हाच प्रयोग केला. हवेत पुरेसा ओलावाच नव्हता, दिल्लीत पाऊस पडला नाही. तहान लागल्यावर विहीर खणणं आपण ऐकलं होतं. हे तहान लागल्यावर आभाळ खणणं आहे.

म्हणून पुढच्या टंचाईत कृत्रिम पावसाची घोषणा होईल तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. विमान कोणत्या महिन्यात उडणार? रडार कुणाचं आणि मोजणी कोण करणार: ज्याला पैसे मिळणार तो, की दुसरा कुणी? आणि जे तीन टक्के मिळतील ते आधी कुणाच्या पाटात जाणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देणारे अधिकारी सापडतील, कारण ती विज्ञानाची आहेत. तिसऱ्याला सगळे वर बघतील. तेव्हा त्यांच्या नजरेबरोबर आपणही वर बघायचं नाही. ढग पेरायला विमान लागतं, पाटाचं दार फिरवायला नुसता हात, आणि तो हात कुणाचा आहे हे गावाला ठाऊक असतं.